जाळीताई आणि पडू देण्याचं काम

जाळीताईंना या कामासाठी निवडलं ते त्यांच्या अंगकाठीमुळे. उंचीला बेताच्या, पण खांदे रुंद, आणि उभ्या राहिल्या की पाय जमिनीत रोवल्यासारखे. रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात त्या आधी ऐकण्याच्या तपासणीच्या खोलीत होत्या. लोकांच्या कानांवर हेडफोन चढवायचे आणि आवाज आला की बटण दाबायला सांगायचं, एवढंच तिथलं काम. मग शेजारी तोल तपासायची खोली सुरू झाली. विभागाच्या डॉक्टरबाईंनी, ज्यांना ठेंगण्या म्हणून सगळे छोट्या मॅडम म्हणत, ताईंना तिथे बोलावलं, डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "ताई, एखादा धिप्पाड माणूस मागच्या मागे तुमच्या अंगावर आला, तर काय कराल?"

"पडू देणार नाही, मॅडम."

"चुकलं. आधी पडू द्यायचं. मग झेलायचं."

ताईंना वाटलं, बाई शिकलेली खरी, पण उन्हातून आलेली दिसते. घरी जाऊन त्यांनी सासूबाईंना सांगितलंही, "आई, आता मला माणसं पाडायचा पगार मिळणार."

"नवीन काय त्यात?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या मुलाला तू लग्नाच्या दिवशीच आडवा केलास."

पण आठवडाभरात ताईंना त्या बोलण्यातली मेख कळली. खोलीत एक जाड, चौकोनी फोमची गादी होती. तपासायला आलेल्या माणसाने बूट काढून तिच्यावर उभं राहायचं, पाय जुळवून, हात छातीवर घडी घालून. आणि मग डोळे मिटायचे. अर्धं मिनिट, बस. ज्याचे कान धड, तो थोडा डुलतो, पण टिकतो. ज्याच्या कानाच्या आतलं तोलाचं यंत्र बिघडलेलं, तो झाड तोडल्यासारखा कलंडतो.

कानाचा आणि उभं राहण्याचा काय संबंध, असं येणारा प्रत्येक जण विचारायचा. छोट्या मॅडम आतल्या कानाच्या नळ्यांचं, त्यातल्या पाण्याचं चित्र काढून समजावत. लोक माना डोलवत आणि बाहेर येऊन ताईंना विचारत, "म्हणजे नक्की काय हो?"

ताईंनी स्वतःचं उत्तर तयार केलं होतं. "असं बघा, घरात कमावते तिघं. डोळे, पाय आणि कान. तिघांच्या कमाईवर तुम्ही सरळ उभे. आता त्यातला एक काहीच कमवत नसला, तरी घर चालतं, कुणाला पत्ता लागत नाही. मग आम्ही काय करतो? डोळे मिटायला लावतो, म्हणजे एक रजेवर गेला. पायाखाली मऊ गादी, म्हणजे पायांना जमीन कळेना, दुसराही रजेवर गेला. उरला कान. तो खरंच कमावतो की नुसता जेवायला येतो, ते तेव्हा कळतं."

छोट्या मॅडमनी हे एकदा दाराआडून ऐकलं आणि पुढे शिकाऊ डॉक्टरांना त्याच शब्दांत सांगू लागल्या. फक्त एक पुस्ती त्या जोडत. "ही चाळणी आहे, तराजू नव्हे. कुणाचे गुडघे दुखतात म्हणून तो पडतो, कुणाचा एकच कान बिघडलेला असतो आणि तो दुसऱ्यावर निभावून नेतो. चाळणीत अडकला त्याला आतल्या खोलीत घ्या, तिथे खरं ते कळेल." आतल्या खोलीत पलंग होता, कानात कोमट आणि गार पाणी सोडायचं यंत्र होतं, आणि डोळ्यांची हालचाल टिपणारा काळा चष्मा होता.

जाळीताई हे नाव पडलं ते वॉर्डातल्या एका मावशींमुळे. सर्कशीत झोक्यांच्या खाली बांधतात तशी ही आपली जाळी, असं त्या एकदा म्हणाल्या, आणि खरं नाव मागे पडलं. झेलण्याची ताईंची एक रीत होती. माणसाच्या मागे अर्धं पाऊल सोडून उभं राहायचं. दोन्ही हात त्याच्या पाठीच्या दोन बाजूंना, वीतभर अंतरावर, हवेत. काही झालं तरी टेकवायचे नाहीत. कारण शरीर मोठं लबाड असतं. त्याला आधार लागत नाही, नुसती बातमी पुरते. सदऱ्याला बोटाचं टोक लागलं, तरी 'पाठ कुठे आहे' ही बातमी मेंदूला मिळते आणि बिघडलेल्या कानाचा माणूससुद्धा उभा राहून दाखवतो. आवाजाचंही तसंच. मागून कुणी बोलत राहिलं, तर त्या आवाजाच्या दिशेवरून माणूस स्वतःला सावरतो. म्हणून ते अर्धं मिनिट ताई तोंड घट्ट मिटून घेत. मूळच्या बोलघेवड्या बाईला ही केवढी शिक्षा! वेळ संपला की त्या असा श्वास सोडत, की पडणाऱ्यापेक्षा यांनाच धाप लागली असं वाटावं.

त्या गादीवर त्यांनी काय काय पाहिलं! एक निवृत्त पीटी मास्तर आले होते. "मला काय होतंय? मी अजून जोर मारतो," म्हणत गादीवर चढले, डोळे मिटले आणि सरळसोट मागे आले. ताईंनी झेललं, तर वळून रागाने म्हणाले, "ढकललंत कशाला?" एक शिवणकाम करणारी बाई पडली आणि रडायला लागली. ताईंना वाटलं लागलं. "लागलं नाही हो," ती डोळे पुसत म्हणाली. "दोन वर्षं घरचे म्हणतायत, कामं टाळायला नाटकं करते. आज तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत... म्हणजे डोळे मिटलेले होते, पण कळलं ना सगळ्यांना!" ताईंनी तिला पाणी दिलं, चहा पाजला आणि आतल्या खोलीपर्यंत स्वतः हात धरून नेलं.

अशा या जाळीताईंच्या घरातच एक माणूस कलंडत होता, आणि त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

त्यांचे यजमान शहरातल्या नाट्यगृहात प्रकाशयोजनेचं काम करत. रंगमंचाच्या वर, पडद्यांच्याही वर, एक अरुंद लोखंडी पायवाट असते. तिथून दिवे टांगायचे, वळवायचे, नटाच्या बरोबर चेहऱ्यावर आणायचे. हे काम त्यांनी मिसरूड फुटल्यापासून केलं. नाटकवाले त्यांना उजेडराव म्हणत. नटनट्या आधी त्यांना नमस्कार करून मग मेकअपला बसत, कारण उजेडरावांची मर्जी फिरली तर राजासुद्धा अंधारात उभा.

आदल्या वर्षी त्यांना रक्तात संसर्ग होऊन जबर ताप आला. दवाखान्यात ठेवावं लागलं. जालीम इंजेक्शनं दिली, त्यांनी जीव वाचला. घरी आले ते अर्धे होऊन. अंग हळूहळू भरलं, पण चाल काही भरली नाही. होडीत उभं राहिल्यासारखे पाय फाकून चालायचे. चालता चालता दुकानाची पाटी वाचता येईना, अक्षरं उड्या मारत. थांबले की पाटीही थांबायची. संध्याकाळ झाली की भिंतीच्या कडेकडेने घरी येत.

"हल्ली घेतात वाटतं थोडी," असं समोरच्या दारातून कानावर आलं.

सासूबाई पेटल्या. "जन्मभर चहासुद्धा फुंकून फुंकून प्यायला माझा मुलगा, आणि म्हणे घेतो! घेतली असती तर निदान बदनामीचं चीज झालं असतं."

ताईंनी नवऱ्याला विचारलं नव्हतं असं नाही. "अहो, गरगरतं का? खोली फिरल्यासारखी वाटते?"

"खोली जागच्या जागी आहे. मीच जरा सैल झालोय. अशक्तपणा, दुसरं काय!"

ऐकायला तर त्यांना बारीकसारीक येत असे. स्वयंपाकघरात सासूसुना कुजबुजल्या तरी बाहेरून उत्तर यायचं. गरगरत नाही, ऐकू चांगलं येतं, मग कान नाही, असं ताईंनी ठरवून टाकलं आणि दूधहळदीचा मारा चालू ठेवला.

मग एके दिवशी तालमीत रंगमंचावर काळोख करायचा प्रसंग आला. सगळे दिवे गेले, आणि खाली विंगेत उभे असलेले उजेडराव पडद्याला धरून खाली बसले. पडदा फाटला. व्यवस्थापक भला माणूस होता. बाजूला घेऊन म्हणाला, "उजेडराव, नव्या नाटकात काळोखच काळोख आहे. डॉक्टर बरं म्हणाले तरच वर चढा. मला तुमच्या बायकोला तोंड दाखवायचंय."

म्हणून ते रुग्णालयात आले. नेमक्या त्या दिवशी छोट्या मॅडमनी तोलाच्या तपासणीचं शिबिर ठेवलं होतं. बाहेर ही गर्दी! आपल्या नात्यातल्या माणसाला आपण झेलायचं नाही, त्याला दुसऱ्याच्या हाती द्यायचं, असा खोलीचा नियम होता. पण ताईंची जोडीदारीण रजेवर होती. आणि अर्ध्या मिनिटाचं तर काम.

"चढा," ताई म्हणाल्या.

"चप्पल काढू का?"

"नको, देवळातही घालूनच जाता ना? काढा!"

रांगेतले लोक हसले. उजेडराव गादीवर चढले, हातांची घडी घातली, डोळे मिटले. ताई मागे उभ्या राहिल्या. समोर ती ओळखीची मान. आजारपणात बारीक झालेली, कॉलर तिच्याभोवती सैल. त्या कॉलरची उसवलेली शिवण ताईंनीच आदल्या रविवारी घातली होती. उजेडराव एकदा डुलले, पुन्हा डुलले. मग स्थिरावले. वेळ संपला तरी उभेच.

"पास!" ताईंनी अशी आरोळी दिली, की बाहेरच्या बाकावरचे लोक दचकले.

छोट्या मॅडम पलीकडे गर्दीत अडकल्या होत्या. गादीवर टिकलेल्या माणसाला आत घ्यायचं कारण नव्हतं. उजेडराव शिबिराची 'पास' लिहिलेली चिठ्ठी घेऊन, शीळ वाजवत थेट नाट्यगृहात गेले. वर चढायचा दिवस ठरला, येता सोमवार.

रविवारी सकाळी ताई बेसिनपाशी कंगवा शोधत होत्या. उजेडराव तोंडाला साबण लावून, डोळे गच्च मिटून, तोंडातल्या तोंडात कसलंसं पद गुणगुणत उभे होते. आणि ताईंची नजर त्यांच्या डाव्या हातावर गेली. एक बोट नळावर टेकलेलं होतं. धरलेला नव्हता नळ. नुसतं टेकलेलं.

ताईंनी कंगवा शोधायचा सोडला.

"अहो, तो हात जरा काढा नळावरचा."

"का? पाणी वाया जातंय का?"

"काढा तर खरं."

त्यांनी काढला. आणि साबणाच्या फेसासकट, गुणगुणत्या पदासकट, ते ताईंच्या अंगावर आले. ताईंनी झेललं. झेलता झेलताच त्यांना शिबिराचा तो दिवस दिसला. ती बारीक मान, ती सैल कॉलर, आणि तिच्याखाली सदऱ्यावर टेकलेली आपलीच चार बोटं. कधी टेकली ते त्यांना कळलं नव्हतं. शेकड्याने माणसं त्यांनी पडू दिली होती. या एकाला पडू देणं हातांना जमलं नव्हतं.

"अगं, डोळ्यांत साबण जातोय, टॉवेल दे!"

टॉवेल दिला. मग त्यांना खुर्चीत बसवून ताईंनी सरळ सांगितलं. "त्या दिवशीची तपासणी चुकली. माझा हात लागला होता. तुम्ही पास नाही. उद्या वर चढायचं नाही. पुन्हा तपासायचं."

उजेडराव कान पुसत होते, ते थांबले. "वा! बायको म्हणून पास केलंस आणि आता बायको म्हणून नापास करतेस? खोलीत काही कायदा आहे की नाही?"

"कायदाच मोडला मी. नात्यातल्याला झेलायचं नाही, असा कायदा आहे."

"मग तुझ्या कायद्याचं तू बघ. मी उद्या वर चढतोय. वर दिवे आहेत, बाई! ज्याच्या हातात सगळ्या रंगमंचाचा उजेड, तो अंधारात कशाला पडेल?"

"आणि दिवे घालवायची खूण झाली की? तेव्हा कुठे असणार तुम्ही? वरच ना?"

उजेडराव पुन्हा कान पुसू लागले. आतून सासूबाई आल्या. "काय चाललंय सकाळी सकाळी?"

"आई, यांच्या कानात बिघाड असणार."

"मग त्यात काय नवल! लहानपणापासून माझं एक ऐकलं नाही त्याने."

एरवी या वाक्यावर घर हसलं असतं. त्या दिवशी कुणी हसलं नाही. सोमवारी ताईंना जाग आली, तेव्हा त्यांची चप्पल दारात नव्हती.

ताई तडक छोट्या मॅडमसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि झालेलं सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. मॅडमनी चष्मा काढला. त्या रागावतील असं ताईंना वाटलं होतं, रागावल्याही. "ताई, नियम काय शोभेला केला होता? मला हाक मारायची!" मग एकदम म्हणाल्या, "आता ते कुठे आहेत?"

"नाट्यगृहात. दुपारनंतर वर चढतील."

"मग इथे काय करताय? त्यांना घेऊन या!"

"सांगून येणारे नाहीत ते, मॅडम. त्यांना दाखवावं लागेल." ताई घुटमळल्या. "गादी नेऊ का?"

ती गादी घेऊन ताई निघाल्या ते दृश्य रस्त्याने जाणाऱ्यांनी वळून वळून पाहिलं. फोमला वजन नाही, पण आकार अडनिडा. काखेत मावेना, म्हणून डोक्यावर घेतली. रिक्षावाल्याने विचारलं, "मावशी, बिऱ्हाड हलवताय?"

"नवरा हलतोय," ताई म्हणाल्या. "जरा जोरात घ्या."

नाट्यगृहात जेवणाची सुट्टी झाली होती. रंगमंचावर फक्त उजेडराव आणि लांब्या होता. लांब्या म्हणजे नेपथ्याचा सुतार, उजेडरावांचा जुना सोबती, ताडासारखा उंच आणि सदा कुरकुरणारा. बाजूच्या भिंतीला वर जाणारी लोखंडी शिडी होती. उजेडरावांच्या खांद्यावर वायरचं भेंडोळं होतं, आणि एक हात शिडीवर.

"थांबा!"

रिकाम्या नाट्यगृहात ती हाक अशी घुमली, की लांब्याच्या हातून पाना पडला.

"आली का वरात!" उजेडराव म्हणाले. "गादी कशाला? इथेच मुक्काम टाकणार आहेस?"

ताईंनी गादी रंगमंचाच्या मधोमध टाकली. धाप लागली होती, पण आवाज चढवला नाही. "तुम्हाला वर चढायचंय ना? चढा. मी पाय धरून बसणार नाही. आधी यावर उभे राहा. टिकलात, तर हे भेंडोळं मी स्वतः वर आणून देईन."

उजेडरावांनी शिडीकडे पाहिलं, गादीकडे पाहिलं. लांब्या मध्ये पडला. "उभा राहा की रे! अर्ध्या मिनिटाचा प्रश्न. मी पण राहतो पाहिजे तर."

"तू गप्प!" उजेडरावांनी भेंडोळं खाली ठेवलं आणि चप्पल काढली. "पण मागे हीच उभी राहणार. दुसऱ्या कुणाच्या अंगावर मी पडणार नाही, आधीच सांगतो."

"म्हणजे पडणार, हे ठाऊक आहे तर," लांब्या पुटपुटला.

"लांबूभाऊ," ताई म्हणाल्या, "आता अजिबात बोलू नका. पाय वाजवू नका. खोकला आला तर गिळा."

उजेडराव गादीवर चढले. पाय जुळवले. हातांची घडी घातली. ताई मागे उभ्या राहिल्या. वीतभर अंतरावर हवेत हात धरले, आणि या वेळी त्यांनी मानेकडे पाहिलंच नाही, स्वतःच्या बोटांकडे पाहत राहिल्या. ती पुढे होऊ पाहत होती.

"मिटा डोळे."

डोळे मिटले. लांब्या श्वास रोखून उभा. क्षणभर वाटलं, टिकतायत. मग उजेडरावांचे खांदे डावीकडे गेले, सावरले, उजवीकडे गेले. पायांची बोटं फोममध्ये काहीतरी शोधत रुतली. ताईंच्या घशापर्यंत आलं होतं, 'अहो, सांभाळा!' त्यांनी ओठ चावला. आणि उजेडराव मागे कलंडले, थांबतील म्हणता म्हणता थांबलेच नाहीत. ताईंनी ते पाहिलं, पुरतं पाहिलं, पडणं नक्की झाल्यावरच हात मिटले. त्या वजनासरशी दोघंही गादीवर बसली.

लांब्या धावला. "लागलं का?"

"काही नाही लागलं," ताई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांना मात्र धार लागली होती.

उजेडराव तसेच बसलेले, वर पाहत. वर ती पायवाट, ओळीने टांगलेले दिवे. मग म्हणाले, "म्हणजे न पिताच झिंगतोय मी."

"हो. फुकटात."

"अगं, एक सांगू? त्या दिवशी तुझी बोटं लागली होती ना पाठीला, ती मला कळली होती. मी म्हटलं, असू दे. टिकतोय ना, मग असू दे."

ताईंनी पदराने डोळे पुसले. "बरं झालं सांगितलंत. मला वाटत होतं, सगळा मूर्खपणा मी एकटीने केला."

लांब्या म्हणाला, "आता तरी बोलू का? माझ्या पायाला मुंग्या आल्यात."

त्याच दुपारी छोट्या मॅडमनी उजेडरावांना आतल्या खोलीत घेतलं. ताईंना बाहेर बसवलं, या वेळी नियम म्हणजे नियम. चांगल्या कानात असं कोमट किंवा गार पाणी सोडलं, की डोळे नाचू लागतात, सगळं जग फिरतं, भलेभले पलंग घट्ट धरून ठेवतात. उजेडरावांच्या एका कानात पाणी सोडलं, मग दुसऱ्यात. ते छताकडे तोंड करून निवांत पडलेले. सगळं आटोपलं, तेव्हा त्यांनी अदबीने विचारलं, "सुरू कधी करायचं, मॅडम?"

मॅडम त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या, दार उघडून ताईंनाही आत घेतलं आणि मग सांगितलं. ज्या इंजेक्शनांनी जीव वाचवला, त्यांनीच दोन्ही कानांतलं तोलाचं यंत्र मारलं असावं. असं कधी कधी होतं. ऐकण्याचा भाग शाबूत राहिला. आणि दोन्ही बाजू सारख्याच गेल्या की गरगरत नाही, म्हणून कुणाला शंका येत नाही. गेलेलं बहुधा परत येत नाही. पण डोळ्यांना आणि पायांना जास्तीचं काम शिकवता येतं, त्याचे व्यायाम असतात, ते रोज करायचे.

"आणि शिडी?" उजेडरावांनी विचारलं.

"उजेडात, सपाट जमिनीवर तुम्ही हळूहळू बरेच सुधाराल. पण अंधारात उंचावर? नाही. उजेडराव, मी हे गोड करून सांगू शकत नाही."

"नका करू," ते म्हणाले. "आमच्या घरात गोड बोलायची पद्धत नाहीच."

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मात्र दारात उभ्या राहून, समोरच्या घराला नीट ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी जाहीर केलं, "माझ्या मुलाच्या कानात बिघाड आहे. बाटलीत नाही!"

व्यवस्थापकाला उजेडरावांनी स्वतः जाऊन सांगितलं. सोबत येते म्हणणाऱ्या ताईंना त्यांनी कोपऱ्यावरूनच परत पाठवलं. त्यानंतरचे काही दिवस फार वाईट गेले. ते व्यायाम करत, भिंतीवरच्या एका ठिपक्यावर नजर रोखून मान हलवत, आणि मध्येच थांबून खिडकीशी जाऊन बसत. ताई काही विचारत नसत. इतकी वर्षं अर्धं मिनिट गप्प राहण्याची सवय होती. आता ती अख्खी संध्याकाळ पुरवावी लागे.

नव्या नाटकाच्या रंगीत तालमीला ताई जेवणाच्या सुट्टीत गेल्या. उजेडराव प्रेक्षकांच्या खुर्च्यांमध्ये, मधल्या रांगेत बसले होते, मान वर करून. वर पायवाटेवर लांब्या होता, शक्य तितका वाकून, कठड्याला बिलगून.

"लांब्या, तिसरा दिवा डावीकडे!"

"कुणाचं डावं? तुझं की माझं?"

"नटाचं!"

"नट कुठाय? मला वरून नुसतं टक्कल दिसतंय!"

"तेच उजळायचं! हां, अजून. अजून. अरे, पुढे गेलास!"

"तू वर होतास तेव्हा असं कुणी खालून ओरडत नव्हतं हां!"

उजेडराव उठले. ताईंना वाटलं, आता शिडीकडे जातात. ते रांगेतून बाहेर आले, पाय जरा फाकून, शिडीपर्यंत गेलेही. तिच्या खालच्या दांडीवरची धूळ तळव्याने पुसली आणि वर पाहून म्हणाले, "ओरडत नव्हतं, कारण मी काय करतोय ते खालून कुणाला कळायचं नाही. मला कळतं. चल, परत डावीकडे आण. घाई नको."

लांब्याने कुरकुरत दिवा वळवला. रंगमंचावर उभा असलेला नट डोळे किलकिले करत म्हणाला, "आता तोंडावर आला बघा!"

"हं," उजेडराव म्हणाले. "आता आला."

ताईंच्या खोलीबाहेर दुपारचे लोक जमायला लागले असतील. त्या निघाल्या तरी उजेडरावांना पत्ता नव्हता. त्यांनी चौथ्या दिव्याला हात घातला होता, म्हणजे लांब्याला हात घालायला लावला होता.